डाव्या कोपऱ्याचा इन

आमच्या नाक्यावर चहाला उभं राहिलं की आजही कोणीतरी विषय काढतोच. "तुमच्या त्या कोपऱ्याचं काय झालं रे? कॉलेजला असताना काय खेळायचा! टीव्हीवर गेला आणि वाट लागली." मग ज्याने आयुष्यात कुणाच्या घोट्याला हात लावला नाही, असा माणूस हातात कटिंग धरून मला कारणं समजावतो. डोक्यात हवा गेली. मॅटवर झेपलं नाही. हरियाणाच्या पोरांपुढे आपली पोरं टिकत नाहीत. आधी मी भांडायचो. आता ग्लास ठेवतो आणि निघतो. खरं कारण मला माहीत आहे, आणि नाक्यावर सांगण्यासारखं ते नाही.

कोपरा म्हणजे आमचा डावा कोपरारक्षक. त्याला आईबापांनी ठेवलेलं नाव आहे, पण कांजूरमार्गला त्या नावाने त्याला पोस्टमनसुद्धा शोधत नाही. मी त्याचा इन. कबड्डीत सात जण उभे राहतात तेव्हा अगदी टोकाला कोपरा असतो आणि त्याला लागून आतल्या बाजूला इन. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, साखळी करायची. चढाई करणारा आला की कोपरा खाली वाकून घोटा धरतो, बाकीचे वरून पडतात आणि शिट्टी वाजते. टाळ्या कोपऱ्याला. इनने काय केलं, तर हात धरला. मी आठ वर्षं त्याचा हात धरून उभा होतो.

आम्हाला शिकवणारे मास्तर गिरणीतले. गिरणी गेली, परळची खोली गेली, आणि ते बायकामुलांसकट कांजूरला येऊन राहिले. नोकरी सुटली तरी कबड्डी काही सुटली नाही. मंडळाच्या मागच्या मातीच्या मैदानावर, संध्याकाळी वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास यायचा अशा जागी, ते आम्हाला उभं करायचे. त्यांची एक पद्धत होती. कोपरा आणि इन यांची मनगटं पंचाने बांधायची. सराव सुरू झाला की बांधायची आणि संपेपर्यंत सोडायची नाही. धावायचं तर बांधून, बैठका मारायच्या तर बांधून, पाणी प्यायचं तरी बांधून. मुतायला जायचं झालं तरी दोघांनी जायचं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना ती केवढी लाज! नळावरच्या बायका हसायच्या, "आला बघ जोडा." आम्ही कुरकुर केली की मास्तर ओरडायचे, "मेल्यांनो, हात सुटलो तर दोघांकय घराक धाडतलंय!"

दोन वर्षांनी पंचा सुटला, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. आम्ही कधी ठरवलं नाही, कधी बोललो नाही, पण आमच्यात एक रीत बसली होती. कोपऱ्याची नजर खाली, घोट्यावर. मी उभा, माझी नजर वर, चढाईपटूच्या कमरेवर. माणूस पाय पुढे टाकतो, पण टाकलेल्या प्रत्येक पायावर वजन देत नाही. नुसता दाखवतो आणि मागे घेतो. ज्या क्षणी कंबर खरोखर पुढे यायची, त्या क्षणी मी कोपऱ्याचा हात दाबायचो, आणि तो घोट्यावर सुटायचा. मी दाबला नाही तर त्याच्या नाकासमोर पाय नाचवला तरी तो हलायचा नाही. लोक म्हणायचे, काय संयम आहे पोराचा! संयम कसला डोंबलाचा. तो माझी वाट बघायचा.

हे त्यालाही माहीत नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकतो. आपण श्वास कधी घेतो ते आपल्याला माहीत असतं का? मला मात्र माहीत होतं. आणि मी कधी बोललो नाही, कारण आम्ही जिंकत होतो.

कॉलेजात तर आमची धमालच झाली. दोघांना एकाच कॉलेजात प्रवेश मिळाला, मार्कांवर नाही, खेळावर. सलग दोन वर्षं विद्यापीठाच्या स्पर्धा मारल्या. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत ज्या मैदानावर जाऊ तिथे चढाईपटू डावी बाजू सोडून खेळायचे. निवेदक माइकवर बोंबलायचा, "सांभाळा, डावीकडे यमदूत बसलाय!" कॉलेजच्या गेटवर त्याचा फ्लेक्स लागला. फोटो कुठला, तर अंतिम सामन्यातला. साखळीतला फोटो होता, म्हणून त्यांनी मला कापून काढलं. पण हात कापता येईना, कारण तो त्याच्या हातात होता. तर फ्लेक्सवर तो अख्खा, आणि त्याच्या पंजात मनगटापर्यंत कापलेला माझा हात. पोरं येता-जाता मला दाखवून हसायची. "झकास आलायस हां फोटोत." मीही हसायचो. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, पण तुझं घड्याळ तरी दिसतंय." त्या रात्री जेवलो नाही मी. एवढा राग कुणावर होता, तेही नीट कळेना.

मग टीव्हीवरच्या लीगवाल्यांचा माणूस आला. टोपी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. तीन सामने बघितले त्याने. त्या तीन सामन्यांत कोपऱ्याने एकामागून एक घोटे असे उचलले की समोरच्या संघाचे पाठीराखेसुद्धा उभे राहिले. नंतर त्या माणसाने कोपऱ्याला बाजूला घेतलं, उंची विचारली, वजन विचारलं, गुडघे दाबून बघितले. मी शेजारीच पाणी पीत उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भाई, ज़रा साइड होना, फोटो लेना है." मी साइड झालो.

लिलावात कोपऱ्याला एका संघाने घेतलं. मंडळात पेढे वाटले, ढोल वाजले. तो मला मिठी मारून रडला. मीही रडलो. माझं रडणं कशाचं होतं ते तेव्हा कोणी विचारलं नाही, बरं झालं. त्याच महिन्यात मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागलो.

आता नाक्यावरच्या शहाण्यांचं थोडं खरंही आहे, ते नाकारत नाही. मातीवरून मॅटवर जाणं सोपं नसतं. आमच्या बरोबरीचा गोराईचा एक कव्हर, म्हणजे इनच्याही आतला रक्षक, होता, कोळीवाड्यातला, खांद्याने असा धक्का मारायचा की माणूस रेषेबाहेर जाऊन पाणी मागायचा. त्याला लीगच्या चाचणीला बोलावलं. आयुष्यात बूट घालून खेळला नव्हता तो. वाळूवर अनवाणी वाढलेला माणूस, बुटात त्याला पायाखालचं काही कळेना. दोन दिवसांत परत आला. तिथले चढाईपटूही वेगळेच. कॉलेजात एका संघात एक चांगला चढाईपटू असतो, तिथे बाकावर बसलेलाही तेवढाच चांगला. वर तुमचा प्रत्येक सामना कोणीतरी कॉम्प्युटरवर थांबवून थांबवून बघत असतो. सगळं खरं. पण आमच्या कोपऱ्याचं यातलं काहीच नव्हतं. बुटांची त्याला सवय झाली, वजन त्याने कमावलं, दम त्याचा जबरदस्त होता. तरी पहिलं वर्ष बाकावर गेलं, आणि दुसऱ्या वर्षी आत घेतल्यावर तो रोज तोंडावर पडायला लागला.

सामने आम्ही मंडळाच्या खोलीत बघायचो. पहिले दोन-तीन सामने खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चौथ्या सामन्यापासून शिव्या सुरू झाल्या. कोपरा झेप घ्यायचा आणि घोटा जाग्यावर नसायचा. रिकाम्या मॅटवर पालथा पडलेला आमचा कोपरा, आणि त्याच्या अंगावरून उडी मारून गुण घेऊन जाणारा कोणीतरी. समालोचक म्हणायचा, उतावळेपणा नडला. खोलीतले म्हणायचे, घाई करतो साला. माझं डोकं फुटायची वेळ यायची. घाई? अरे, डोळे आहेत की बटणं? उशीर होतोय त्याला! पाय आला, वजन आलं, निघून गेलं, आणि मग हा उडी मारतोय. पण मी बोललो नाही. का नाही बोललो, ते येईलच.

मास्तर कोपऱ्यात खुर्चीवर बसायचे. एका डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. एका सामन्याला ते पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, "त्याचो इन खंय असा?" सगळे हसले. एकजण म्हणाला, "मास्तर, तो काय शेजारी उभा आहे, निळ्या गंजीतला." मास्तरांनी पुन्हा विचारलं, "तो न्हय. त्याचो इन खंय?" पोरांनी एकमेकांना खुणा केल्या, म्हातारा गेला कामातून. मी चपला घातल्या आणि बाहेर आलो.

त्यानंतर आठवडाभरात कोपरा स्वतः आला. संघाला चार दिवसांची सुट्टी होती. घरी मी सापडलो नाही म्हणून पत्ता विचारत विचारत मुलुंडला आला, एका सोसायटीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये. त्या सोसायटीची लिफ्ट सकाळपासून पाचव्या मजल्यावर अडकली होती आणि सेक्रेटरी दर दहा मिनिटांनी वर येऊन मला अक्कल शिकवून जात होता. हात ग्रीसने माखलेले, आत भट्टीसारखं गरम. आणि दारात कोपरा, संघाचे चकचकीत बूट, संघाची टी-शर्ट, पाठीवर छापलेलं त्याचं नाव. खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. मला त्या टी-शर्टचा राग आला.

तो रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसला. म्हणाला, "यार, काय चुकतंय ते बघ ना. तीन सामने उरलेत. यात जमलं नाही तर सोडून देणार मला. कोचने तोंडावर सांगितलंय." त्याने मोबाइल पुढे केला. त्याच्या फसलेल्या पकडींच्या क्लिपा होत्या, एकामागे एक.

"तुमचा कोच काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो म्हणतो पेशन्स ठेव. दुसरा म्हणतो अंगावर जा. डोकं आऊट झालंय माझं. झोप नाही रे. आई फोन करते तर उचलत नाही मी."

मी हात चिंध्यांना पुसले आणि बघायला लागलो. तिसऱ्या क्लिपला मला सगळं दिसलं. चढाईपटू आत येतो, पाय टाकतो. कोपरा वाकलेला. आणि त्याचा उजवा हात, जिकडे इन असतो तिकडचा, हवेत उघडतो आणि मिटतो. उघडतो आणि मिटतो. त्यांचा इन म्हणजे संघाचा महागडा चढाईपटू, तो आपला दम राखत गुडघ्यांवर हात ठेवून दोन पावलं लांब उभा. कोपऱ्याची बोटं माझा हात शोधत होती. हात सापडत नव्हता, म्हणून तो थांबत होता, आणि थांबून थांबून शेवटी घाबरून उडी मारत होता.

"त्याचा हात धरत नाहीस?" मी विचारलं.

"धरायला गेलो होतो पहिल्या दिवशी. म्हणाला, भाई, चिपक मत. तिकडे गरज लागली तरच साखळी करतात." तो ओशाळून हसला. "सोड ते. तू बोल. तुला तरी दिसत असेल. लहानपणापासून बघतोयस तू मला."

तेव्हा सांगायला हवं होतं. काही अवघड नव्हतं. लेका, तू वाट बघतोयस. आजवर कधी सुटायचं ते मी ठरवलंय. आता खाली घोट्याकडे बघणं सोड, वर कमरेकडे बघायला शीक, आणि चार दिवस आहेत तर चल मैदानावर, मी हात मागे बांधून तुझ्यासमोर चढाया करतो. रोज शंभर केल्या असत्या. चार दिवसांत सगळं बसलं नसतं, पण निदान त्याला कळलं असतं की आपल्याला काय झालंय. आजार कळला तरी माणूस अर्धा बरा होतो.

पण सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की तुझ्या प्रत्येक पकडीत मी होतो. आणि तो म्हणाला असता, हो का रे? आणि शिकला असता. शिकला असता तर त्याला माझी गरज उरली नसती, आणि माझं कुठेच काही उरलं नसतं, फ्लेक्सवर मनगट होतं तेवढंसुद्धा नाही. हा सगळा विचार मी तिथे उभं राहून केला असं नाही. विचार करायला तेवढा वेळच नव्हता. त्याच्या पाठीवरचं नाव दिसत होतं, खालून सेक्रेटरी हाका मारत होता, माझ्या कोपरापर्यंत ग्रीस होतं, आणि तोंडातून निघून गेलं.

"घाई करतोस तू."

"घाई?" त्याने माझ्याकडे बघितलं.

"हो. थांब जरा. अजून थांब."

त्याने क्लिप पुन्हा लावली, पुन्हा बघितली, मान हलवली. "बरं," म्हणाला. जाताना माझ्या ग्रीसच्या हातात हात दिला. त्याची टी-शर्ट खराब होईल म्हणून मीच मागे झालो.

पुढचे तीन सामने मी घरी एकटा बसून बघितले. तो थांबला. सांगितलं होतं तसा, अगदी तसाच. चढाईपटू येत होते, बोनसचा गुण घेत होते, पाय दाखवत होते, परत जात होते, आणि आमचा कोपरा वाकून बसलेला, हात हवेत उघडत-मिटत. दुसऱ्या सामन्यात तर एका चढाईपटूने त्याच्यासमोर उभं राहून मांडी थोपटली. खेळातला माणूस असा बसून राहतो तेव्हा बघवत नाही. मी टीव्हीवर ओरडत होतो, जा! जा ना रे! बायको आतून धावत आली, तिला वाटलं मला काहीतरी झालं. तिसऱ्या सामन्यात त्याला अर्ध्यातून बाहेर काढलं. पुढच्या लिलावात त्याच्यावर कोणी बोली लावली नाही.

आणि नाक्यावर लोक म्हणाले, डोक्यात हवा गेली.

वर्षभर मी त्याला टाळलं. कामं काढली, फोन उचलले नाहीत. तो एका शाळेत पोरांना कबड्डी शिकवायला लागला असं कळलं. मास्तर अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या घरी आमची गाठ पडली, पण तिथे माणसं होती. शेवटी माझ्याच पोटात मावेना. एका रविवारी सकाळी मैदानावर गेलो. तो पाइप धरून मातीवर पाणी मारत होता, एकटाच. अंगात आमच्या मंडळाची जुनी गंजी. मला बघून इतका खूश झाला की माझी तयारी अर्धी तिथेच गेली.

मी म्हणालो, "थांब. आधी ऐक. त्या दिवशी, मशीनरूममध्ये, मी तुला चुकीचं सांगितलं. तू घाई करत नव्हतास. तुला उशीर होत होता."

त्याने पाइप खाली टाकला. जाऊन नळ बंद करून आला.

"मला पण तसंच वाटत होतं रे," तो म्हणाला. "आतून वाटायचं, उशीर होतोय, आधी जायला पाहिजे. तेच तुला विचारायला आलो होतो. पण तू म्हणालास घाई, तर म्हटलं हा म्हणतोय म्हणजे घाईच असणार. तुझ्या सांगण्याशिवाय मी कधी हललोय का यार?"

म्हणजे त्याला माहीत होतं. माझ्या हाताचं, दाबण्याचं, सगळंच माहीत होतं. मी आठ वर्षं छातीशी धरून बसलो होतो ते त्याने कधी लपवलंच नव्हतं. मी विचारलं असतं तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं त्याने.

आता उरलेलं सांगायचं होतं. चूक नव्हती ती, मला तिसऱ्या क्लिपलाच दिसलं होतं, एवढी दोन वाक्यं. ती जिभेवर आली होती. पण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सोड ना. मनाला लावून घेऊ नकोस. तुझी पण नजर चुकू शकते एखाद वेळेस."

मी म्हणालो, "हो ना यार. चुकली."